व्याहीबुवा, कितीपैकी?

व्याहीबुवा, परवा तुमचं तेरावं झालं आणि काल सकाळी पेपरात बातमी आली, ‘विमान अपघात दुपटीने वाढले’. मी ओसरीवर चहा पीत बसले होते. शेजारी कोणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "कितीपैकी?" समोरच्या जास्वंदीवरचा बुलबुल उडून गेला आणि मला हसू फुटलं. इतकी वर्षं ज्या शब्दावरून मी तुम्हाला छळलं, तो तुम्ही जाता जाता माझ्याच तोंडात ठेवून गेलात की! मग उत्तर द्यायला तुम्ही नाही हे लक्षात आलं आणि डोळे भरले. पण आधी हसू आलं, नंतर रडू. क्रम नीट सांगितलेला बरा, तुम्हाला घोळ चालायचा नाही.

तेराव्याला वसईच्या तुमच्या फ्लॅटवर लोक जमले होते. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते. एक म्हणाले, माणूस कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी चमकूनच बघितलं. म्हटलं, हे कुणाबद्दल बोलताहेत? अध्यात नाही, मध्यात नाही, तर दर रविवारी स्कूटरवरून आमच्या निर्मळ गावी येऊन माझं डोकं कोण खात होतं? पण तेराव्याला विहिणीने वाद घालू नये, म्हणून गप्प बसले. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

तर भांडण पुढे चालू ठेवायला हे लिहिते आहे. आणि दुसरं एक कारण आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणणंसुद्धा लबाडीच आहे, मी ती टाळली. माझ्या वाडीच्या शून्याबद्दलची. तुम्ही प्रत्येक वेळी विचारायचात, "काय विहीणबाई, शून्य कसं आहे?" आणि मी म्हणायची, "मजेत आहे." ते मजेत नव्हतं. सगळं सांगणार आहे, पण मला माझ्या वाटेने येऊ द्या. सरळ मुद्द्यावर यायची सवय तुमची, माझी नाही.

तुम्ही माझ्या वैशालीला बघायला आलात तो दिवस आठवतो? तुमचा संजय मान खाली घालून पोहे खात होता, आणि तुम्ही मान वर करून माझ्या वाडीकडे बघत होतात. आदल्या आठवड्यात वारा झाला होता. मी आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाले, "दीडशे केळी आडवी झाली हो." कोणीही भला माणूस ‘अरेरे’ म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, "कितीपैकी?"

माझ्या जावेने कपाळाला हात लावला. आमच्या घरात उभं झाड मोजत नाहीत. केळ्यांचा लोंगर उतरवला, जमिनीवर आला, मग मोजायचा. उभ्या बागेत बोट दाखवून एक-दोन-तीन केलं की नजर लागते. माझ्या सासऱ्यांनी मोजली नाहीत, नवऱ्याने मोजली नाहीत, आणि ते गेल्यावर मीही मोजली नाहीत. मी तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही खरोखर गोंधळलात. म्हणालात, "पण मग दीडशे म्हणजे जास्त की कमी, हे तुम्ही ठरवता कसं?"

"डोळ्यांतल्या पाण्यावरून," मी म्हणाले.

तुम्ही असे काही हसलात की पोह्यांची बशी मांडीवर उपडी झाली. धोतराला हळद लागली ती लागलीच. जाऊ नंतर म्हणाली, शुभशकुन आहे, सोयरीक जमणार. मला मात्र काळजी पडली. या माणसाच्या घरात मुलगी द्यायची म्हणजे उद्या हा जेवताना विचारणार, पोळी करपली, कितीपैकी?

लग्नानंतर तुमची नोकरी मला हळूहळू कळली. सुरुवातीला वाटलं होतं, विमान कंपनीत आहेत म्हणजे रुबाब असेल, टोपी असेल. कसलं काय! तुमचं काम होतं, विमानांचं कुठे काय बिघडलं, कुठे काय आदळलं, कोण घसरलं, याचे कागद गोळा करायचे आणि त्यांचे तक्ते बनवायचे. मी विचारलं होतं, "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मोजायला पगार मिळतो?" तुम्ही म्हणालात, "हो, आणि चुका कोणी देत नाही, त्या मागून आणाव्या लागतात."

रविवारची तुमची ती स्कूटर आणि ते हेल्मेट! सोपाऱ्यापासून निर्मळपर्यंत त्या काळी हेल्मेट घालणारे तुम्ही एकटे. पोरं मागे धावायची, ‘अंतराळवीर आला’ म्हणून ओरडायची. मी म्हटलं, "अहो, विमानाचा माणूस आणि स्कूटरला भितो?" तुम्ही हेल्मेट काढून, टकलावरचा घाम पुसून म्हणालात, "मी मोजलंय ना, म्हणूनच भितो. विमानाला नाही, तुमच्या या रस्त्याला."

मग ओसरीवर बसून शाळा सुरू व्हायची. मी फुलं निवडायची आणि तुम्ही शिकवायचात. अपघात म्हणजे काय, इथपासून. मला वाटायचं, त्यात काय सांगायचं? पडलं की अपघात. तर नाही. त्यालाही नियम. विमानाच्या अपघातात जखमी झालेला माणूस तीस दिवसांच्या आत गेला तर तो अपघाताचा बळी, असा जगभराचा नियम आहे म्हणालात.

"आणि एकतिसाव्या दिवशी गेला तर?"

"तर तो आमच्या तक्त्यात फक्त जखमी."

"अहो, पण माणूस तर गेला ना!"

"गेला. म्हणून तर मी म्हणतो, तक्ता वाचण्याआधी तळटीप वाचायची." हे सांगताना तुमचा चेहरा पडला होता. कुठेतरी रेघ मारावीच लागते, नाहीतर दोन देशांचे आकडे एकमेकांशी जुळणार कसे, असंही तुम्ही म्हणालात. पण त्या रेघेपलीकडच्या माणसाचं तुम्हाला वाईट वाटायचं, ते मला दिसायचं. तुमच्यावर माझा विश्वास तिथून बसायला लागला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पक्ष्यांचं तर मला फारच आवडलं होतं. पक्षी विमानावर आदळतो तेव्हा पुष्कळदा वैमानिकाला पत्ताच नसतो. विमान उतरतं, कामगार खालून तपासतो, पंखाला रक्ताचा डाग दिसतो. पक्षी कोणता, माहीत नाही. कुठे आदळला, माहीत नाही. पण कागदावर गावाचं नाव तर हवं. मग डाग मुंबईला दिसला की पक्षी मुंबईच्या खात्यावर पडायचा. मी म्हटलं, यात नवल ते काय? आमचं केळं पिकतं निर्मळला, विकतं आगाशीच्या बाजारात, आणि वाळवून सुकेळी झाली की नाव कुणाचं? आगाशीचं! तुम्ही मांडीवर थाप मारलीत. पुढच्या रविवारी सांगत आलात की ऑफिसात सगळ्यांना हेच उदाहरण दिलं. मला काय वाटलं म्हणून सांगू! निर्मळच्या बाईची केळी विमान कंपनीच्या मीटिंगमध्ये!

आणि भागाकार. आकडा कशाने भागायचा, यावर तुमचा केवढा जीव. विमानं लांब लांब जातात, त्यामुळे किलोमीटरने भागलं की धोका चिमूटभर दिसतो. पण खरा धोका वर चढताना आणि खाली उतरताना जास्त, मग उड्डाणांनी भागायला नको का? दोन्ही आकडे खरे, पण ज्याला जो सोयीचा तो तोच सांगणार. हे मात्र मला पटकन कळलं. मोगऱ्यावर पाणी मारून किलोने विकणारे मी जन्मभर बघत आले आहे. वजन खरंच असतं, फक्त फुलांचं नसतं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि संजयला मस्कतला नोकरी लागली. वैशाली जाणार म्हटल्यावर माझ्या पायांखालची जमीन सरकली. एकुलती एक. तीही समुद्रावरून, विमानातून. मी सरळ सांगितलं, संजयरावांनी खुशाल जावं, माझी मुलगी जाणार नाही. वैशाली रडली, चिडली, माझ्याशी अबोला धरला. मीही हटून बसले. मग त्या दोघांनी तुम्हाला पुढे केलं.

तुम्ही वही घेऊन आलात. एक पान उलटलंत, दुसरं उलटलंत. मी म्हटलं, "वही मिटा. देवाची शपथ घेऊन सांगा, यातला आकडा न् आकडा खरा आहे?"

तुम्ही वही मिटून मांडीवर ठेवलीत. चहा गार झाला. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर ‘हो हो, अगदी खरा’ म्हणून मोकळा झाला असता. तुमच्याच मुलाला आणि सुनेला पाठवायचं होतं. खोटं बोलायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं? पण तुम्ही म्हणालात, "नाही, शपथ नाही घेता येणार."

मग एकेक सांगत गेलात. मोठे अपघात जवळपास सगळे मोजले जातात, कारण पडलेलं विमान पदराखाली झाकता येत नाही. बारीकसारीक मात्र सुटतं. चाक जरासं घसरलं, कुणी चुकीची कळ दाबली आणि वेळेत सावरलं, शिडीची गाडी विमानाला घासली, हे सगळं कुणी आपणहून सांगितलं तरच कळतं. आणि सांगणाऱ्याला नोकरीची भीती असते. काही ठिकाणांहून कागद उशिरा येतात, काही ठिकाणांहून येतच नाहीत.

"म्हणजे या अर्धवट आकड्यांच्या भरवशावर मी मुलीला पाठवू?"

"आकडे अर्धवट आहेत, विहीणबाई," तुम्ही म्हणालात, "पण कुठे अर्धवट आहेत ते मला माहीत आहे. ज्यात माणसं जातात ते आकडे लपत नाहीत. त्या आकड्यांवर मी माझ्या मुलाला पाठवतोय."

मी उठून आत गेले आणि वैशालीच्या सामानात लोणच्याची बरणी भरायला घेतली. तोच माझा होकार होता, तुम्हाला बरोबर कळला.

ती गेली त्या दिवशी आपण दोघं नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये बसलो होतो. फोन आला, "आई, पोचलो." मी पदर डोळ्यांना लावला. तुम्ही रिसीव्हर घेतलात, दोन शब्द बोललात आणि माझ्याकडे वळून आनंदाने म्हणालात, "झालं! वैशाली छेदात गेली."

मी किंचाळलेच की! बूथवाला धावत आला. छेदात गेली म्हणजे काय? माझ्या मुलीचा छेद झाला? तुम्ही हातवारे करून समजवायला लागलात. अपूर्णांकात वरचा तो अंश, खालचा तो छेद. अपघात झालेली उड्डाणं वर, आणि एकूण उड्डाणं खाली. वरच्यांची पेपरात बातमी येते. खालचे सामान घेऊन घरी जातात आणि वरणभात खातात. "लाखो माणसं छेदात असतात, विहीणबाई. त्यांना कोणी मोजत नाही, म्हणून जगाला वाटतं सगळं वरच घडतंय." मी तुम्हाला तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या. आईशी बोलायची ही भाषा असते का? पण खरं सांगू? त्या दिवसापासून आमच्या घरात आशीर्वादच तो झाला. नातू शाळेत निघाला, छेदात राहा. वैशाली परत निघाली, छेदात राहा. नातवाच्या मुंजीत मी बटूच्या डोक्यावर हात ठेवून असं म्हणाले तेव्हा भटजी मंत्र विसरले होते. तुम्ही मागे उभे राहून खोकल्याचं सोंग करत हसत होतात.

आता भांडणाकडे येते.

तुम्ही ऑफिसात एक नवी पद्धत सुरू केलीत. एक साधा एकपानी कागद, हिंदीत आणि मराठीत. सामान चढवणाऱ्यापासून कोणीही भरावा, नाव लिहिलं नाही तरी चालेल, आणि सांगणाऱ्याला शिक्षा नाही. कँटीनपाशी पेटी ठेवलीत. वर्ष संपलं तेव्हा आकडा कितीतरी पटींनी फुगला होता. जे आधी पोटात राहत होतं ते पेटीत पडायला लागलं होतं, एवढंच. पण तुमच्या साहेबांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, तुमच्या हाताखाली कंपनीची सुरक्षितता ढासळली. तुमची बढती गेली. तुमच्याहून धाकटा तुमच्या डोक्यावर बसला.

तुम्ही हे सांगायला माझ्याकडे आलात. खचला होतात. आणि मी काय म्हणाले? "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडायला गेलात? आकडा जरा कमी दाखवला असता तर कुणाचं काय गेलं असतं?"

तुम्ही म्हणालात, "मूठ उघडल्याशिवाय आत लाख आहेत की विंचू, कळणार कसं?"

मला राग आला. शहाणपण शिकवताहेत म्हणून. मी म्हणाले, "माझी वाडी बघा. वीस वर्षं दहा बायका राबताहेत. कोयते, शिड्या, बावखलाच्या पाण्यात उतरणाऱ्या निसरड्या पायऱ्या, मोटर. एक अपघात दाखवा. शून्य!"

"शून्य आहे," तुम्ही हळूच विचारलंत, "की शून्य सांगतात?"

"माझ्या बायका खोटं बोलतात म्हणता?"

"बायका नाही हो. पण सगळ्या आकड्यांत मला भीती वाटते ती एकट्या शून्याची."

मी म्हणाले, ज्याला स्वतःची बढती राखता आली नाही त्याने माझ्या वाडीची काळजी करू नये. हे वाक्य मी बोलले, व्याहीबुवा. तुम्ही चहा न घेता हेल्मेट घातलंत आणि गेलात. चार रविवार आला नाहीत. गावात लोक विचारायला लागले, अंतराळवीर कुठे गेले? पाचव्या रविवारी तुम्ही मस्कतच्या खजुराचा डबा घेऊन उभे. "संजयने पाठवलाय, द्यायला आलो, बसणार नाही." आणि अंधार पडेपर्यंत बसलात. त्या वाक्याबद्दल मी माफी मागितली नाही, तुम्हीही मागायला लावली नाहीत. आज मागते. फार लागलं असेल तुम्हाला.

त्याच वर्षी, मार्गशीर्षात, हिराला मोटरचा शॉक लागला. चांदीपहून यायची ती हिरा. तुम्ही तिला ओळखायचात, तुमच्या हेल्मेटमध्ये तिने एकदा कारली भरून दिली होती. बावखलावरची मोटर चालू करायला गेली आणि फेकली गेली. बाकीच्या बायकांनी सुक्या बांबूने बटण पाडलं म्हणून वाचली. उजवा तळवा भाजला. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, तिचे पाय चोळत होते, आणि भोवती जमलेल्या बायकांतून एकेकीचा आवाज यायला लागला.

"मला पन बसला व्हता, ताई, पानी सोडताना."

"मला दोनदा. हाताला मुंग्या यायच्या."

"मी तर चपला घालूनच जायची मोटरकडं."

मी ओरडले, "मग सांगितलं का नाही कुणी?"

बायका मागे सरकल्या. शेवटी हिराच डोळे न उघडता म्हणाली, "तुमी वरडता ना, ताई. खुरपं मोडलं तवा दिसभर बोलत व्हता."

दुसऱ्याच दिवशी मोटर बदलली, अर्थिंग करून घेतलं. तुम्ही रविवारी आलात, नवी मोटर बघितलीत. मी म्हणाले, जुनी झाली होती. तुम्ही म्हणालात, "बरं केलंत." तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. काही आठवड्यांपूर्वीच छाती पुढे काढून शून्य म्हणाले होते ना!

पण एक केलं. बायकांना एकत्र बसवलं आणि सांगितलं, आजपासून काही घडलं, घडता घडता राहिलं, तर मला सांगायचं, मी ओरडणार नाही. तुमचाच नियम मी चोरला, आणि तुम्हाला पत्ता लागू दिला नाही. पहिल्या महिन्यात जीव नकोसा झाला. शिडीची पायरी हलते, गोठ्यामागे गांधीलमाशीचं पोळं आहे, तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे, कोयत्याची मूठ ढिली आहे. रोज नवं काहीतरी. मला वाटलं, एवढी वाईट वाडी मी वीस वर्षं चालवत होते? आणि मग तुमचा तो फुगलेला आकडा आठवला. तुमच्या साहेबांना जे कळलं नाही ते मला शेवाळाच्या पायरीवर उभी राहून कळलं. वाडी बिघडली नव्हती. बायका बोलायला लागल्या होत्या.

तुमचं बरोबर होतं, व्याहीबुवा. घ्या. लिहिलं एकदाचं. हे ऐकायला तुम्ही किती वाट बघितली असेल!

तुम्हाला माहीत होतं का हो? पुढे तुम्ही विचारायचात, "शून्य कसं आहे?" तेव्हा डोळ्यांत काहीतरी चमकायचं. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या न सांगितलेल्या गोष्टी वासावरून ओळखत आलेला माणूस. पण पेटीत कागद आपणहून पडू द्यायचा, हात घालून ओढायचा नाही, हाही तुमचाच नियम. निवृत्त झालात, स्कूटर विकून रिक्षाने यायला लागलात, तरी प्रश्न तोच आणि माझं उत्तर तेच. शेवटच्या रविवारीसुद्धा मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मस्कतहून नातवाचा फोन आला. तुम्ही पुढच्या मंगळवारी झोपेतच गेलात. कुणाला त्रास नाही, गडबड नाही. हेवा वाटावा असं.

आता शेवटचं. तुम्हाला सांगण्याआधी हे मी काल एकीला सांगितलं, कारण पहिला हक्क तिचा होता.

पेपर वाचून डोळे पुसत होते तेवढ्यात हिरा कामाला आली. मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, मोटरचे धक्के कुणाला किती बसले होते, आज मला नीट मोजून सांग. तिने बोटांवर मोजले, एकेकीचं नाव घेऊन. स्वतःचा धरून नऊ. मी म्हणाले, "दहा." ती म्हणाली, "नाय ताई, नवच." मी म्हणाले, "दहा, हिरा. पहिला मला बसला होता."

मग तिला सगळं सांगितलं. त्या वर्षी कार्तिकात, तुम्हा सगळ्या बायकांच्या आधी. एकटीच होते मोटरपाशी. हात झटकला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली, मी पायरीवर बसले. मागून बायकांचे आवाज आले तशी उठले. मालकीण मोटरला घाबरली असं दिसायला नको होतं मला. हात पदराला पुसला आणि तुम्हा बायकांना म्हणाले, चला, पाणी सोडा. मी तेव्हा बोलले असते तर तुझा हात भाजला नसता.

हिराने मोजायची बोटं मिटली. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि जावंच तिने. मी खाली मान घालून बसले. तिने तो भाजलेल्या तळव्याचा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि विचारलं, "तवा तुमाला लय लागलं व्हतं का, ताई?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं ना.